नाकाला विचार

परदेशात आल्यापासून ती दर शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे कोरियन स्वयंपाक शिकायला जायची. आजी मोजमाप सांगायच्या नाहीत. “नाकाला विचार,” एवढंच म्हणायच्या. गेल्या खेपेला त्यांनी खवट झालेलं तिळाचं तेल भातावर सढळ हाताने ओतलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. आज दार ढकलताच गॅसचा भपकारा अंगावर आला. आजी हातात काडेपेटी घेऊन हसत उभ्या होत्या. “ये गं, सूप टाकायचंय.” तिने झडप घालून काडेपेटी हिसकावली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. आजी मटकन बसल्या. “वर्ष झालं, मला कशाचाच वास येत नाही. माझ्या लेकाला सांगू नकोस. स्वयंपाकघर बंद करेल माझं.” या स्वयंपाकघराच्या बरोबर वरच्या खोलीत तिचा नवरा बाळाला झोपवत होता. “नाही सांगणार,” ती म्हणाली, आणि जिन्यातच तिने त्यांच्या लेकाला फोन लावला.