चाळीस मिनिटांची तपासणी

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, 'डिस्कची तपासणी चालू आहे. मशीन बंद करू नका.' खाली आकडा आला, शून्य टक्के. दुरुस्तीवाला खुर्ची पुढे ओढून बसला. कौटुंबिक न्यायालयाच्या कार्यालयातलं हे मशीन चालू करताना वर्षभर असंच अडून बसत होतं. डिस्क बदलून झाली होती, तरी महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच सुरू झालं होतं. साहेबांनी शेवटचा उपाय म्हणून याला बोलावलं होतं. जमत नसेल तर तसं लिहून द्या, नवीन मागवतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

ही खिडकी संमतीने वेगळं होणाऱ्या नवरा-बायकोंची. दोघांनी मिळून यायचं, खिडकीवरच्या बाई अर्ज मशीनवर चढवणार आणि नंबर देणार. पाच मिनिटांचं काम. पण तपासणी निघाली की पाचाची पंचेचाळीस व्हायची आणि तेवढा वेळ दोघांना समोरच्या बाकावर काढावा लागायचा. बाक एकच होता, तोही अरुंद.

या दुरुस्तीत दुरुस्तीवाल्याचा स्वतःचाही स्वार्थ होता. येत्या गुरुवारी त्याला बायकोबरोबर याच खिडकीवर यायचं होतं. सात महिने दोघं वेगळी राहत होती. मोठं भांडण असं झालंच नव्हतं, बोलणंच आटत गेलं होतं. "दिवसभर लोकांना विचारतोस, कधीपासून होतंय, आधी काय झालं होतं, आवाज येत होता का," ती एकदा म्हणाली होती. "मला कधी विचारलंस?" त्यावर तो कामाचं निमित्त सांगून बाहेर पडला होता. आता त्या बाकावर तिला खेटून पाऊण तास काढायचा, ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती. काही झालं तरी गुरुवारच्या आत मशीन सरळ करायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

सवयीप्रमाणे त्याने बाईंना विचारलं, कधीपासून होतंय? वर्षभर. दर वेळी? दर वेळी नाही. कधी चाळीस मिनिटं लागतात, कधी लगेच जातं. बाई फायलीतून मान वर न काढता उत्तरं देत होत्या. दुरुस्तीवाल्याचं कुतूहल चाळवलं. बिघडलेली डिस्क अशी मधूनच शहाणी होत नाही. त्याने मशीनला कान लावला. खरी तपासणी चालू असली की आत बारीक कुरकुर होते, दिवा लुकलुकत राहतो. इथे सगळं चिडीचूप होतं आणि दिवा ढिम्म. आकडा मात्र दर मिनिटाला न चुकता अडीच टक्क्यांनी पुढे सरकत होता.

त्याने सहज माउस हलवला. काळ्या पडद्यावर एक छोटा बाण फिरू लागला.

तो हसलाच. खऱ्या तपासणीत बाण कुठला यायला, तेव्हा मशीन धड जागंही झालेलं नसतं. त्याने एस्केपचं बटण दाबलं. तपासणी गायब झाली आणि मागून रोजचा पडदा निघाला, अगदी ठणठणीत. तपासणी म्हणजे चाळीस चित्रांचा स्लाइड शो होता. मशीन चालू झालं की आपोआप सुरू होईल, असा कोणीतरी बेताने लावून ठेवलेला.

बाईंनी फाइल मिटली. वर्षापूर्वी डिस्क खरंच बिघडली होती, त्यांनी सांगितलं. त्या आठवड्यात अकरा जोडपी बाकावर बसली आणि त्यातली चार अर्ज न देताच उठून गेली. एक जोडपं तर चहा पिऊन येतो म्हणून गेलं ते परत फिरकलंच नाही. मग डिस्क बदलली, मशीन पळायला लागलं आणि पुढच्या महिन्यात एकही जोडपं माघारी गेलं नाही. बाईंना चैन पडेना. तेव्हाच्या तपासणीच्या पडद्याचा फोटो त्यांच्याकडे होता. त्यावरून चार संध्याकाळी बसून त्यांनी ही चित्रं बनवली. तेव्हापासून दारात जोडपं दिसलं की त्या मशीन बंद करून पुन्हा चालू करत.

"आणि लगेच जातं ते कधी?" त्याने विचारलं.

"एखादी बाहीखालचे वळ झाकत येते," बाई म्हणाल्या. "तिला मी एक मिनिटही बसवत नाही. बटण दाबते."

 त्याने खरं लिहिलं असतं तर बाईंच्या नोकरीवरच गदा येणार होती. अहवाल गुरुवारी देतो, एवढंच बोलून त्याने हत्यारांची पिशवी उचलली.

गुरुवारी तो आला तेव्हा बायको आधीच येऊन उभी होती. बाईंना खिडकीतून आधी ती दिसली आणि तिच्यामागून येणारं जोडीचं माणूस. सवयीने त्यांनी मशीन बंद करून चालू केलं. मग त्यांचं लक्ष दुरुस्तीवाल्याच्या चेहऱ्याकडे गेलं, त्याच्या हातातल्या अर्जाकडे गेलं, आणि त्या पार ओशाळल्या. पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन बसली होती. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला काय फसवायचं? त्यांनी बोट एस्केपकडे नेलं.

बायकोने पडद्याकडे पाहिलं. "हे तर तुझंच काम," ती त्याला म्हणाली. "लवकर नाही का होणार?"

"राहू द्या, मॅडम," दुरुस्तीवाला घाईने खिडकीत म्हणाला. मग बाकाच्या कडेला बसून त्याने बायकोसाठी जागा केली. "मी सोमवारीच बघून गेलोय हे मशीन. चाळीस मिनिटं लागतातच. ही तपासणी मधे थांबवता येत नाही."