बाबांचा तळहात

कारखान्यात घण मारून मारून बाबांचे कान गेले. म्हणून आमच्या हेवी मेटल बँडमधले माझे ड्रम ते स्पीकरवर तळहात ठेवून ऐकतात. पहिल्या अल्बमला हात कोपरापर्यंत थरथरला. "आमचा घण असाच पडायचा," बाबा खुशीत म्हणाले. दुसऱ्या अल्बमला फक्त बोटं हलली. तिसऱ्याच्या वेळी मुंबईची रेकॉर्ड कंपनी म्हणाली, ड्रम कमी, गिटार गोड करा. मीही मान डोलावली. तो अल्बम आता आमच्या बाजारात, कमानिया गेटच्या दुकानांत वाजतो. "भैया, अब जाके गाना लगता है," दुकानदार म्हणतात. आज घरी तोच लावला. बाबा हात ठेवून वाट पाहत राहिले. "काहून थांबला? लाव ना." मी आवाज पूर्ण वाढवला, हात थरथरेना. शेवटी गुपचूप पहिला अल्बम लावला. हात थरथरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हा तर पहिलावाला आहे. नवा लाव."