फळाचा रस

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आणि मुंबईच्या जावयानं रविवारच्या नाश्त्याला संत्र्याच्या रसात फेसाळती वाईन मिसळली. दारूबंदी समितीचे अध्यक्ष महादेवराव मिशीवरचा फेस पुसत म्हणाले, "दारू कुठची? फळाचा रस आहे हा."

आनंदाबाईंनी नवऱ्यापुढचा रसाचा जग उचलून बाजूला ठेवला.

तेवढ्यात मनकर्णा दारात आली. मोहाची दारू गाळली म्हणून तिचा नवरा कोठडीत होता. "मालक, ठाणेदाराले एक शबुद सांगा नं."

"कायदा सगळ्याले सारखा, बाई!"

आनंदाबाईंनी जगमध्ये उरलेलं तांब्यात ओतलं आणि तांब्या मनकर्णेच्या हाती दिला. "ठाणेदाराले नेऊन दे. सांगजो, अध्यक्षसायबानं फळाचा रस पाठवला."

"थांब वं मनकर्णा, मीच येतो," म्हणत महादेवराव चपला शोधू लागले.