पाण्याखालचे भात

बांधावर उभे राहून आमदार सखारामदादांनी कळंबच्या त्या खाचराकडे पाहिले. गढूळ, स्थिर पाण्यावाचून तेथे काहीच दिसत नव्हते.

"अहो, भात कुठाय?"

"पाण्याखाली," पौर्णिमा म्हणाली. भातविज्ञान परिषदेची ती कार्यवाह. पुरात तग धरणाऱ्या वाणाचा हा प्रयोगही तिचाच. संशोधनाचा निधी खंडित होऊ नये, यासाठी दादांनी अधिवेशनात शब्द टाकावा, म्हणून परिषदेने त्यांना येथवर आणले होते.

"लाजतंय दादा," राखणीचा दामू म्हणाला. "पावना बगितला ना!"

दादा हसले, मग त्यांनी सोबतच्या छायाचित्रकाराकडे पाहिले. "नुसत्या पाण्याचा फोटो सभागृहात काय दाखवू? दामू, फोड रं बांध. उतरू दे पानी."

दामूने फावडे उचलले.

"थांबा दामूकाका. अजून तीन दिवस भात बुडालेलंच राहायला हवं. आज पाणी काढलं, तर प्रयोग मोडला."

परिषदेचे वृद्ध अध्यक्ष तिच्याजवळ सरकले. "वीतभरच उतरू दे, पौर्णिमा," ते हलक्या स्वरात म्हणाले. "निधीच आटला, तर पुढचा प्रयोग कुठला?"

"आणि या प्रयोगाचं कुणी विचारलं, तर मी काय सांगू, सर?"

अध्यक्ष दोन पावले मागे झाले.

ते बोलणे दादांच्या कानी पडले होते. "बरं, एवढं तरी सांगा. जगेल ना ते?"

"पाणी उतरल्यावर कळेल."

"म्हंजे तुमालाच ठाव नाय?"

"नाही, दादा. ठाऊक असतं, तर संशोधनाला पैसे कशाला मागितले असते?"

दामूने फावडे खाली ठेवले. दादांनी मनगटावरचे घड्याळ उतरवून छायाचित्रकाराच्या हाती दिले, सदऱ्याची बाही वर सारली आणि बांधाच्या कडेला उकिडवे बसून हात पाण्यात घातला.

"काय लागतंय?" पौर्णिमेने विचारले. "ताठ, की लिबलिबीत?"

"थांबा ताई, घाई नका करू."

दादांनी डोळे मिटले. हात खोल जात राहिला. दुमडलेली बाही भिजली.

"दादा, हिकडं बगा," छायाचित्रकार म्हणाला. त्यांनी मान वर केली नाही.