शाळेच्या कण्या

शाळेत पोरांसाठी रांधणाऱ्या दगडाबाईनं ज्वारीच्या कण्यांचं पातेलं चुलीवरून उतरवलं, तोच जमीनदार किशनरावांचा मुकादम भुजंग बैलगाडी घेऊन पेडगावच्या शाळेच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, मालकाचा कापूस फुटलाय. येचायला पोरं धाडा म्हणलेत."

विष्णुपंत मास्तरांना वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. श्रावणात उपाशी पोरं वर्गात भोवळ येऊन पडायला लागली, तेव्हा ते स्वतःच किशनरावांच्या दारी धान्य मागायला गेले होते. किशनरावांनी एका शब्दावर हो म्हटलं. तेव्हापासून त्यांच्या शेतातली ज्वारी आणि मळ्यातली अंबाडी शाळेत येत होती. पोरांच्या अंगावर मांस दिसू लागलं होतं.

"शाळा चालू आहे, भुजंगा. अशी कशी नेतोस पोरं?"

"म्या कशाला नेतो? ज्याचं खाल्लं त्याच्या रानात चाललीत." भुजंगनं पातेल्याचे काठ फडक्यानं धरले. "आन् आजपासून जेवण बी तिकडंच, बांधावर."

दगडाबाईनं मास्तरांकडं पाहिलं. गाडीपुढं आडवं व्हावं असं विष्णुपंतांच्या मनात आलं. पण मग उद्या चुलीवर काय ठेवायचं? गाऱ्हाणं तरी कुणाकडं न्यायचं? निजाम सरकारचा तहसीलदार दौऱ्यावर आला की किशनरावांच्याच माडीवर उतरायचा.

पोरांना कुणी ओढलं नाही. पातेलं गाडीत चढलं आणि पोरं त्याच्यामागोमाग चढली. भुजंग एकेकाचा दंड दाबून बघत होता. बाजारात गोऱ्हा पारखावा तसा.

"ही न्हाई," तो म्हणाला. "हिच्यानं काय व्हायचं?"

त्यानं सटवाजीच्या कडूला उचलून खाली ठेवलं. सगळ्यांच्या मागून शाळेत दाखल झालेली, अजून काटकीसारखी पोर. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. मग आत येऊन रिकाम्या वर्गात आपल्या जागेवर बसली.

विष्णुपंतांनी घरून आणलेली भाकरी फडक्यातून सोडली, अर्धी मोडून तिला दिली. कडूनं ती खाली मान घालून खाल्ली. पडलेले कण बोटानं टिपून घेतले.

"मास्तर."

"काय गं?"

"रोज येवढं खाल्लं, तर फुडच्या सालाला मलाबी नेतील का?"

उरलेल्या अर्ध्या भाकरीसाठी तिनं हात पुढं केला होता. विष्णुपंतांना ती देववेना, आणि परत फडक्यात बांधूनही ठेववेना.