मनातून

"मनातून मी तुमच्याच बाजूने होतो, हेमलताबाई," पळसुले दारातच कुजबुजले. सकाळी सोसायटीच्या सभेत कामवाल्या बायकांना लिफ्टबंदी करायचा ठराव आला, तेव्हा विरोधात एकट्या हेमलताबाईंचा हात वर गेला होता.

"मग ठरावाला हात कशाला वर केलात?"

"सगळ्यांनीच केला. एकट्याने वाईटपणा कशाला घ्यायचा?"

त्यांना आत बसवलं तोच कर्णिकबाई आल्या. त्याही मनातून बाजूने होत्या. मग तारे आले, मग अभ्यंकर नवराबायको, मग आणखी कितीतरी जण. हेमलताबाईंनी एकेकाला हॉलमध्ये नेऊन बसवलं. खुर्च्या संपल्या तेव्हा त्यांचं डोकं तापलं होतं.

"आता बघा एकमेकांकडे. बहुमत इथेच बसलंय. चला, आत्ताच अध्यक्षांकडे जाऊ."

सगळ्यांनी पळसुल्यांकडे पाहिलं, पळसुल्यांनी फरशीकडे. "झालाय ना आता ठराव. पुढच्या सभेत बघू." सकाळी हात वर गेले होते तशाच एकापाठोपाठ एक माना डोलल्या.

तेवढ्यात पाच मजले चढून चंद्राबाई कामाला आली. दाराला धरून तिने श्वास घेतला आणि भरलेला हॉल पाहिला.

"चहा किती जणांचा टाकू, ताई?"

"दोघींचा," हेमलताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुझा आणि माझा."