डिकीतला दिवा

तिचं माहेरी जायचं ठरलं, की गाडीची बॅटरी हमखास उतरलेली. नवरा तोंड पाडून म्हणायचा, "आता बसनेच जा की, तेवढीच गंमत!"

शेवटी तिनेच मेकॅनिकला बोलावलं.

"बॅटरी ठणठणीत आहे, वहिनी. डिकी नीट लागत नाही, म्हणून आतला दिवा रात्रभर जळतो," असं म्हणत त्याने डिकीच्या लॉकमध्ये अडकवलेली पुठ्ठ्याची घडी काढून तिच्या हातावर ठेवली. नवऱ्याच्याच दाढीच्या ब्लेडचं पाकीट! तिने ती घडी जपून ठेवली.

आज मित्रांना घेऊन सहलीला निघालेला नवरा किल्ली फिरवून फिरवून घामाघूम झाला.

 

खिडकीतून ती गोड आवाजात म्हणाली, "अहो, आता बसनेच जा की, तेवढीच गंमत!"